बोनेअरचा जाणकार

डब्लिनच्या सँट्री उपनगरातला पद्माकर देवस्थळी बोनेअर बेटाचा जाणकार झाला, आणि तोही त्या बेटावर एकदाही पाऊल न ठेवता. यात त्याने कुणाला फसवलं असं म्हणता येणार नाही. आपण तिथे गेलो होतो असं तो कधी म्हणाला नाही. गेलो नव्हतो असंही म्हणाला नाही, कारण तसं कुणी विचारलंच नाही.

बोनेअर म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवरचं छोटंसं बेट. नकाशात शोधायला गेलं तर बोटाच्या नखाखाली झाकलं जातं. नेदरलंड्सच्या अमलाखालचं. किनाऱ्यावरून चार पावलं पाण्यात टाकली की प्रवाळ सुरू होतं, म्हणून जगभरचे डायव्हर पाठीवर हवेची टाकी बांधून तिथे येतात. पद्माकरचा जन्म नागपूरचा. कुठल्याही समुद्रापासून जितकं लांब जन्मता येईल तितक्या लांब तो जन्मला होता, आणि त्याला पोहता येत नव्हतं.

सुरुवात झाली चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत. तो सँट्रीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होता. ऑफिसातला एक सहकारी बोनेअरला जाऊन आला आणि कँटीनमध्ये फोटो दाखवत बसला. मासे, मासे आणि मासे. पद्माकरने सहज विचारलं, "तिथे नदी आहे का?"

सहकाऱ्याला सांगता येईना. "मी पूर्ण आठवडा पाण्याखाली होतो," तो म्हणाला.

हे उत्तर पद्माकरला पटलं नाही. माणूस एखाद्या गावी आठ दिवस राहतो आणि तिथे नदी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं, म्हणजे काय. त्याने प्रवाशांच्या एका वेबसाइटवर तोच प्रश्न टाकला. तीन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी त्याने स्वतःच शोधलं आणि स्वतःच्या प्रश्नाखाली स्वतःच उत्तर लिहिलं: नदी नाही, पाऊस बेताचा, जमीन कोरडी, निवडुंग भरपूर, पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून बनवतात. दुसऱ्या दिवशी कॅनडाच्या कुणा बाईंनी खाली लिहिलं, "फार उपयोगी माहिती. मनापासून आभार."

पद्माकरने ते तीनदा वाचलं. आयर्लंडमध्ये त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याचं काम दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचं, त्यामुळे ऑफिसात त्याचे आभार मानायचा कुणाला धीर होत नसे. घरी मानायची पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून तो सकाळी चहा घेताना दोन आणि जेवणाच्या सुट्टीत चार अशी उत्तरं लिहू लागला. कुठल्या जागी पाण्यात उतरताना पाय घसरतो, कुठे जाताना गाडीत किमती वस्तू ठेवू नयेत, फ्लेमिंगो कुठल्या मिठागरात दिसतात, गाढवं रस्त्यात आली तर काय करावं. हे सगळं तो आधीच्या लोकांनी लिहिलेल्यातून गोळा करी, ताडून बघी आणि नीट मांडी. डाइव्ह करायच्या एका जागेचं नाव 'हजार पायऱ्या' असं आहे आणि प्रत्यक्षात तिथे साठ-सत्तरच पायऱ्या आहेत. त्या नेमक्या किती, यावर वेबसाइटवर भांडण जुंपलं तेव्हा पद्माकरने नऊ जणांच्या साक्षी काढल्या आणि सरासरी जाहीर केली. भांडण मिटलं. पायऱ्या मोजून आलेला माणूससुद्धा गप्प बसला.

दीड वर्षात वेबसाइटने त्याच्या नावापुढे 'स्थळतज्ज्ञ' अशी निळी पट्टी लावली.

घरात याचे परिणाम दिसू लागले. फोनवर बोनेअरच्या राजधानीचं हवामान कायम उघडं असे. सँट्रीत पाऊस आडवा लागलेला असताना पद्माकर खिडकीशी उभा राहून म्हणे, "आज तिथे एकोणतीस आहे." त्याची बायको सुरेखा घरून बिनअंड्याचे केक करून विकत असे. ती ओव्हनमध्ये डोकं घालून विचारी, "तिथे म्हणजे कुठे, नागपूरला?" मुलगी रेवा सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, पण ती उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देई. "डॅड, यू नो यू डोंट लिव्ह देअर, राइट?"

एकदा सुरेखाने सरळच विचारलं, "अहो, एवढं आहे तर जाऊन का येत नाही आपण?"

"जाऊ की. पुढच्या वर्षी."

"हे तुम्ही दोन वर्षं म्हणताय."

पद्माकर विमानांच्या गैरसोयीबद्दल काहीतरी बोलला. खरं कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. बेट त्याच्या डोक्यात इतकं व्यवस्थित लागलं होतं की जाऊन त्याला हात लावायची भीती वाटे.

मग ऑक्टोबरात पत्र आलं. उत्तर डब्लिनमधल्या एका डायव्हिंग क्लबचा सेक्रेटरी फर्गल, त्याचं. क्लबची पंधरा माणसं एप्रिलमध्ये बोनेअरला जाणार होती. त्यांनी वेबसाइटवर वाचलेली सगळी उत्तरं एकाच माणसाची निघाली आणि तो माणूस दहा मिनिटांवर सँट्रीत राहतो हे कळल्यावर त्यांना फारच आनंद झाला होता. डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये त्याने बेटाविषयी बोलावं, अशी विनंती होती.

नाही म्हणायचं असं पद्माकरने ठरवलं. पण तोवर सुरेखाने केक न्यायला आलेल्या दोघींना सांगून टाकलं होतं, त्या दोघींनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष जयेश याने 'आपल्या माणसाचा गौरव' अशा मथळ्याखाली पद्माकरचा फोटो फिरवला होता. फोटोत मागे गणपतीची आरास दिसत होती.

पद्माकरने मग निदान पोहायला शिकावं म्हणून प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि सगळ्यांशी फार गोड बोलत असे. "चेहरा पाण्यात घाला, पॅडी," ती म्हणे. आयर्लंडमध्ये पद्माकरचा पॅडी व्हायला पहिला दिवस पुरला होता. चार तास झाल्यावर त्याची हनुवटी, मग तोंड आणि नाकाचा शेंडा इथवर प्रगती झाली. पाचव्या वेळी क्लोरीनने डोळे चुरचुरतात असं सांगून तो घरीच राहिला.

शनिवारी हॉल भरला. पुढे क्लबची माणसं, रापलेल्या चेहऱ्यांची, हातात चहाचे मग. मागे मंडळाची वीसेक माणसं, जाड जॅकेटांत, त्यांतल्या कुणीही टबापलीकडच्या पाण्यात डोकं बुडवलेलं नव्हतं. जयेशने समोशांचा ट्रे आणला होता.

पद्माकर बिचकतच उभा राहिला. पण पहिली स्लाइड नकाशाची होती, आणि नकाशा दिसताच तो स्थिरावला.

तो सुंदर बोलला. मंडळातल्या लोकांनाही हे कबूल करावं लागलं. बेट कोरडं का, वादळं बहुधा उत्तरेकडून का निघून जातात, पश्चिमेचा किनारा शांत आणि पूर्वेचा खवळलेला का, हे त्याने इतकं सोपं करून सांगितलं की फर्गल वहीत लिहू लागला. मग इतिहास. स्पॅनिश लोक सोनं शोधत आले, सोनं मिळालं नाही, म्हणून त्यांनी अधिकृतपणे त्या बेटांना 'निरुपयोगी' ठरवलं आणि मग तिथल्या मूळच्या माणसांना गुलाम करून दुसरीकडच्या खाणींत नेलं. "बेट निरुपयोगी होतं," पद्माकर म्हणाला, "माणसं उपयोगी निघाली." पुढे डच आले, त्यांना मीठ दिसलं. मिठासाठी आफ्रिकेतून माणसं आणली. दक्षिणेच्या मिठागरांत आठवडाभर राबून ती माणसं सुट्टीला उत्तरेच्या रिंकोन गावी बायकामुलांकडे चालत जात. सात तास जायला, सात तास यायला.

हॉलमध्ये चहाचे मग वाजायचे थांबले होते. ज्या समुद्रात आपण मासे बघायला जाणार त्याच्या काठावर हे घडलं होतं, हे त्या पंधरा जणांना कुठल्याही जाहिरातीत सापडलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. मग प्रश्न. वाऱ्याचा वेग, गाडी कुठली घ्यावी, बूट कसले. पद्माकरने सगळी उत्तरं आकड्यांसकट दिली. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या डायव्हरने विचारलं, "आणि पॅडी, तुमची स्वतःची सगळ्यांत आवडती डाइव्ह कुठली?"

हा प्रश्न येणार हे पद्माकरला दोन महिने माहीत होतं. उत्तरही तयार होतं, एका बेल्जियन जोडप्याच्या वर्णनावरून बेतलेलं. पण मघाच्या सात तासांच्या चालण्यानंतर ते त्याच्या तोंडातून बाहेर पडेना.

"मी एकही डाइव्ह केलेली नाही," तो म्हणाला. "मी त्या बेटावर कधी गेलेलोच नाही. मला पोहता येत नाही."

मग म्हातारा हसला. मग फर्गल हसला. मग अख्खा हॉल हसला, मागची मंडळाची माणसंसुद्धा, कारण पुढचे हसत होते.

"नाही, खरंच," पद्माकर म्हणाला.

त्यावर ते आणखी हसले. कुणीतरी टेबलावर थाप मारली. "युअर मॅन इज गॅस," फर्गल शेजाऱ्याला म्हणाला, म्हणजे हा गडी भारीच विनोदी आहे. एवढं सगळं सांगून चेहरा न हलवता असं म्हणणं म्हणजे अस्सल आयरिश थट्टा, यावर त्यांचं एकमत झालं आणि त्यांनी त्याला क्लबचं मानद सदस्यत्व दिलं.

समोसे फिरत होते तेव्हा एक बाई त्याच्यापाशी आली. पन्नाशीच्या पुढची, सावळी, केस बारीक कापलेले. तिचं इंग्रजी पश्चिम आयर्लंडमधल्या एनिस गावाकडच्या माणसांसारखं होतं.

"मी जोसेफिना," ती म्हणाली. "एनिसच्या एका वृद्धाश्रमात काम करते. जन्म रिंकोनचा. तुमचं मला खरं वाटलं."

पद्माकरच्या हातातला समोसा तसाच राहिला. चार वर्षांत त्याला भेटलेलं हे बोनेअरचं पहिलं माणूस.

"कशावरून?"

"वाऱ्यावरून. तुम्ही वाऱ्याचा वेग सांगितलात, वारा नाही सांगितलात. तिथे दोन दिवस काढलेला माणूससुद्धा आधी वाऱ्याची तक्रार करतो. आई वाळत घातलेल्या कपड्यांना गाठी मारायची. चिमटे पुरत नसत."

पद्माकरने खिशातून पेन काढलं आणि समोशाच्या कागदावर लिहून घेतलं. ते बघून ती पहिल्यांदा हसली. एकोणिसाव्या वर्षी ती बेट सोडून रॉटरडॅमला गेली, तिथे एनिसकडच्याच एका माणसाशी लग्न केलं आणि इकडे आली. परत गेली ती एकदाच, आईच्या अंत्ययात्रेला, बावीस वर्षांपूर्वी. गेली दोन वर्षं ती पद्माकरची उत्तरं वाचत होती, आणि क्लबने केलेली भाषणाची जाहिरात बघून मुद्दाम आली होती. "गावात आता काय काय झालंय ते तुमच्याकडून कळतं," ती म्हणाली. "एकदा एनिसला या."

घरी जाताना गाडीत सुरेखा म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत ते चांगलं केलंत."

"कुणी मानलं नाही."

"ते त्यांचं बघून घेतील."

पण पद्माकरला एवढ्यावर सोडवेना. रविवारी सकाळी त्याने वेबसाइटवर लिहून टाकलं: मी बोनेअरला कधीही गेलेलो नाही, माझी सगळी माहिती वाचून मिळवलेली आहे, माझ्या नावापुढची पट्टी काढावी. आता शिव्या पडतील म्हणून तो चहाचा कप घेऊन समोर बसून राहिला.

शिव्या पडल्या नाहीत. तासाभराने शेजारच्या बेटाच्या तज्ज्ञाने लिहिलं की तोही गेलेला नाही, त्याला विमानाची भीती वाटते. दुपारपर्यंत आणखी दोघांनी कबुली दिली. एका सुप्रसिद्ध ज्वालामुखीची तज्ज्ञ पोलंडमध्ये अंथरुणाला खिळलेली बाई निघाली. संध्याकाळी एकाने लिहिलं की तो स्वतः बोनेअरला सहा वेळा गेला आहे, पण त्याच्या उत्तरांवर कुणी विश्वास ठेवत नाही. सोमवारी वेबसाइटचं आपोआप निघणारं पत्र आलं. पद्माकरच्या लिखाणाला एका दिवसात विक्रमी प्रतिसाद मिळाल्याबद्दल त्याची पट्टी निळ्याची सोनेरी करण्यात आली होती.

पद्माकरने लॅपटॉप मिटला आणि सुरेखाला म्हणाला, "एनिसला जाऊ या."

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी ते गेले. सुरेखाने केक नेला. रेवाही आली, कारण घरी बसून करण्यासारखं काही नव्हतं. जोसेफिनाच्या स्वयंपाकघरात मोठं टेबल होतं, त्यावर पद्माकरने छापून आणलेला रिंकोनचा नकाशा पसरला. रस्ते, दुकानं, चर्च, सगळं बारीक अक्षरांत. त्याला वाटलं होतं, ती खूश होईल.

तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "हे बरोबर आहे," ती म्हणाली, "पण इथून कुणी जात नाही." तिने पेन घेऊन सरळ रस्त्यावर काट मारली आणि परसांमधून जाणारी एक वाकडी रेघ काढली. "इथून जातात. इथे बकऱ्यांचं कुंपण मोडलेलं असतं. या घरातली बाई मेली, पण तिच्या मुली अजून रागीट असतील, तेव्हा इथे वळायचं."

सुरेखा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बकरीचं कालवण कसं करतात, निवडुंगाचं सूप बुळबुळीत होतं का, त्यात भेंडीसारखं काही करता येतं का, अशी दोघींची बोलणी सुरू झाली. चार वर्षांत पद्माकरने बोनेअरविषयी आठ हजार उत्तरं लिहिली होती आणि तिथे लोक रोज काय जेवतात हे त्याला तेव्हा कळलं.

मध्येच जोसेफिनाने भावाला फोन लावला. भाऊ एउसेबिओ रिंकोनलाच होता, तीस वर्षं मिठाच्या कामावर ट्रक चालवणारा. तिने त्यांच्या पापियामेंतू भाषेत सगळी हकिकत सांगितली आणि फोन पद्माकरला दिला.

पद्माकर घाईघाईने म्हणाला, "मी तुमच्या बेटावरच्या डायव्हिंगबद्दल लिहितो. काही चुकत असेल तर सांगा."

पलीकडून एउसेबिओ तुटक इंग्रजीत म्हणाला, "मला काय माहीत. मी पाण्यात जात नाही. मला पोहता येत नाही."

रेवा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. पद्माकर मात्र फोन कानाला लावून परसात गेला. पाऊण तास तो आणि एउसेबिओ मिठाबद्दल बोलत होते. पाणी आधी कुठल्या वाफ्यात घेतात, गुलाबी कधी होतं, पाऊस अवेळी आला तर किती महिने वाया जातात. परत आला तेव्हा त्याचे कान थंडीने लाल झाले होते.

"तो म्हणतो, या," पद्माकर म्हणाला. "हॉटेलात नाही, घरी."

"मग?" सुरेखाने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष दहा दिवसांवर आलंय," सुरेखा म्हणाली आणि जोसेफिनाकडे वळली. "तुम्हाला सुट्टी कधी मिळेल?"

फेब्रुवारीत चौघं गेली. परतल्यावर जयेशने मंडळात कार्यक्रम ठेवला. पद्माकरने बोलायला नकार दिला, तेव्हा सुरेखा उभी राहिली आणि पद्माकर लॅपटॉपपाशी बसून फोटो पुढे सरकवू लागला.

सुरेखाने मुख्यतः जेवणाचं सांगितलं. कपड्यांना गाठी कशा माराव्या लागतात ते करून दाखवलं. जोसेफिना भावाच्या दारात पोचल्यावर दोघं एकमेकांना न भेटता आधी कुंपणावरून कशी भांडली, ते सांगितलं. मग मिठागरांचा फोटो आला. समुद्राकाठी ओळीने पांढऱ्या दगडी झोपड्या, माणसाच्या कमरेएवढ्या दारांच्या.

"या गुलामांच्या," सुरेखा म्हणाली. "आठवड्याचे दिवस ती माणसं यांत झोपायची. आम्ही गेलो तेव्हा तिथे टूरवाले होते. दारात वाकून फोटो काढायचे आणि पुढच्या जागेला जायचे. हे आत गेले. जाताना डोकं आपटलं. आत जाऊन जमिनीवर बसले ते बसलेच. अर्धा तास तरी. एउसेबिओ ट्रकपाशी उभे होते. जेवायला उशीर होत होता, पण आम्ही कुणी हाक मारली नाही."

पद्माकर लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता.

मग मागून जयेशने विचारलं, "वहिनी, पण पाण्याखालचं काहीच नाही सांगितलंत. एवढं डायव्हिंगचं बेट."

"पाण्याखाली फक्त रेवा गेली," सुरेखा म्हणाली. "तिला विचारा. ती इंग्रजीत सांगेल. आम्हाला वरचंच पुरलं."

रेवाने मोबाइलवरून मान वर केली. "इट वॉज ग्रँड," ती म्हणाली. "लोड्स ऑफ फिश."

पद्माकरने पुढचा फोटो लावला. त्यात रिंकोनच्या एका परसात मोडकं कुंपण होतं आणि पाच बकऱ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. सुरेखा त्यांची नावं सांगू लागली.